स्वतःच्याच मोबाइलची नोंद ग्राहकाला का मिळू नये?

पंचगंगाकाठ

मोबाइल कंपन्या आपल्या प्रत्येक कॉलची नोंद ठेवतात, हे आता कोणाला नव्याने सांगण्याची गरज नाही. कोणत्या क्रमांकावरून कोणत्या क्रमांकाला, किती वाजता, किती सेकंद आणि त्या वेळी फोन कोणत्या टॉवरच्या कक्षेत होता, हे सगळे त्या नोंदीत असते आणि पोलीस-वकिलांच्या बोलण्यात तिला सीडीआर म्हणतात. दूरसंचार विभागाच्या परवान्यातील अटीनुसार ही नोंद पूर्वी किमान एक वर्ष जपावी लागे. डिसेंबर २०२१ मधील दुरुस्तीने ती मुदत दोन वर्षांची झाली. ही अट सुरक्षेच्या कारणासाठी घातलेली आहे, म्हणजे नोंद जपायची ती सरकारला पाहता यावी म्हणून. ज्याच्या येण्याजाण्याची ती नोंद आहे त्याला ती कधी आणि कशी मिळावी, याबद्दल ही अट काहीच बोलत नाही.

हा प्रश्न माझ्यापर्यंत घरातूनच आला. बांधावरच्या भांडणातून दाखल झालेल्या मारहाणीच्या फिर्यादीत माझ्या मामेभावाचे नाव गोवले गेले. फिर्यादीत जी वेळ दिली आहे त्या वेळी तो गुळाचे रवे भरलेल्या टेम्पोबरोबर कोल्हापूरच्या वाटेवर होता आणि वाटेतून त्याने अडत्याला फोनही केले होते. त्याने आपल्या मोबाइल कंपनीच्या दुकानात जाऊन त्या रात्रीची नोंद मागितली. ईमेलवर जे कागद आले त्यांत अडत्याचा क्रमांक, वेळ आणि सेकंद व्यवस्थित होते. ठिकाणाचा रकानाच नव्हता. लेखी तक्रार आणि नंतर अपील केल्यावर एका ओळीचे उत्तर आले की टॉवरचा तपशील फक्त तपास यंत्रणांना किंवा न्यायालयाच्या आदेशावरूनच देता येतो. तपास अधिकाऱ्यांना विनंती केली तेव्हा त्यांनी बचाव न्यायालयात मांडण्याचा सल्ला दिला. खटला बचावाच्या साक्षीपुराव्यापर्यंत पोहोचेल तेव्हा दोन वर्षे केव्हाच उलटून गेलेली असतील आणि नोंद पुसली गेलेली असेल.

म्हणून विचारतो. ग्राहकाला स्वतःच्या फोनच्या ठिकाणाची नोंद मागण्याचा कायदेशीर हक्क आहे का? नसल्यास तो का नसावा, याचे एखादे पटण्याजोगे कारण आहे का? दूरसंचार खात्यात काम केलेले आणि वकिली करणारे सभासद येथे आहेत, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

तारायंत्र

माझी नोकरी दूरसंचार खात्यात गेली, त्यातला उत्तरार्ध मोबाइल जाळ्याच्या देखभालीत. कायद्याचे वकीलसाहेब सांगतील. या नोंदीत नेमके काय असते आणि काय नसते तेवढे मी लिहितो, कारण तिच्याकडून लोक भलत्याच अपेक्षा बाळगतात.

आपण कॉल करतो, घेतो, संदेश पाठवतो किंवा इंटरनेटचे सत्र सुरू होते, तेव्हा नोंदीची एक ओळ तयार होते. फोन नुसता खिशात पडून असेल तर जाळ्याला तो साधारण कोणत्या टापूत आहे हे ठाऊक असते, पण त्याची अशी कायमची ओळ सीडीआरमध्ये उमटत नाही. त्यामुळे रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळात फोनचा वापरच झाला नसेल, तर सीडीआर त्या वेळेबद्दल मुकाच राहतो. व्हॉट्सॲपवरून केलेला कॉल सीडीआरमध्ये सापडत नाही. त्याचा माग इंटरनेट सत्रांच्या वेगळ्या नोंदीत, म्हणजे आयपीडीआरमध्ये राहतो, आणि तेथेही समोरच्या माणसाचा क्रमांक नसतो.

आता ठिकाणाविषयी. ओळीत जो सेल आयडी असतो तो टॉवरच्या एका बाजूचा असतो. साधारणपणे एका टॉवरवर तीन दिशांना तोंड केलेले अँटेना असतात आणि प्रत्येक दिशेचा सेल आयडी वेगळा असतो. दादर किंवा लक्ष्मी रोडसारख्या दाट वस्तीत असा एक सेल काहीशे मीटरांपुरता असतो, तर माण-खटावच्या माळावर तोच कित्येक किलोमीटर पसरतो. फोन सर्वांत जवळचाच टॉवर पकडतो, हीसुद्धा गैरसमजूतच आहे; ज्याचा सिग्नल चांगला मिळतो आणि ज्याच्यावर जागा असते तो टॉवर तो पकडतो. कोकणात खाडीच्या अलीकडच्या धक्क्यावर उभे राहिले की पाण्यावरून सरळ येणारा पलीकडच्या गावाचा सिग्नल फोन हमखास घेतो. नोंद पाहणाऱ्याला वाटते की माणूस पलीकडे होता, आणि रस्त्याने पलीकडे जायचे तर तासभर वळसा पडतो. चंदगडच्या बाजूला फोन कर्नाटकाच्या जाळ्यात शिरतो हा तर तिथल्या लोकांचा रोजचा अनुभव आहे. बांद्याहून पत्रादेवीकडे जाताना मात्र तसे कागदोपत्री काही घडत नाही, कारण दूरसंचार खात्याच्या हिशेबात गोवा हा महाराष्ट्र सेवाक्षेत्राचाच भाग आहे आणि मुंबई तेवढी वेगळी आहे.

टॉवर ते फोन हे अंतर मोजण्याची सोय जाळ्यात आहे. जुन्या जीएसएममध्ये ते सुमारे साडेपाचशे मीटरांच्या टप्प्यांनी कळे, नव्या पिढ्यांत त्याहून बारीक कळते. तो आकडा जाळे चालवण्यासाठी लागतो. ग्राहकाने मागितलेल्या कागदावर तो मी कधी पाहिलेला नाही.

पंचगंगाकाठ यांच्या मामेभावाच्या बाबतीत मात्र ही नोंद उपयोगी पडेल असे मला वाटते. गाव आणि कोल्हापूरची वाट यांत वीस-पंचवीस किलोमीटरांचे अंतर असेल तर सेलची ढोबळ मर्यादा आड येत नाही. शिवाय चालत्या गाडीतून केलेल्या कॉलची सुरुवात एका सेलवर आणि शेवट दुसऱ्या सेलवर होतो, त्यावरून प्रवासाची दिशासुद्धा कळते.

जोडकाम_वकील

प्रश्नाचे सरळ उत्तर असे की ग्राहकाला बिलाच्या तपशिलाचा हक्क आहे, पण ठिकाणाच्या नोंदीचा स्पष्ट शब्दांत दिलेला हक्क आज नाही.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या ग्राहक संरक्षण नियमावलीत प्रीपेड ग्राहकालाही आपल्या वापराचा बाबवार तपशील मागता येतो. त्यासाठी कंपनी पन्नास रुपयांपेक्षा जास्त आकारू शकत नाही आणि मागणी मागील सहा महिन्यांपुरती करता येते. पोस्टपेड ग्राहकाला हा तपशील बिलाबरोबर मिळतो. या सगळ्याचा हेतू आकारणी बरोबर झाली की नाही हे ग्राहकाला पडताळता यावे, एवढाच आहे. टॉवर कोणता होता यावर आकारणी अवलंबून नसते, म्हणून तो रकाना त्या कागदावर येत नाही. तुमच्या मामेभावाला मिळाले ते हेच कागद.

पूर्ण सीडीआर पोलिसांना मिळतो तो पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फत, कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे मागणी करून. आरोपपत्राला जोडलेला असा सीडीआर ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आडव्या कागदावर बारीक अक्षरांत छापलेला तक्ता असतो. डावीकडे संशयिताचा क्रमांक, मग समोरचा क्रमांक, तारीख, वेळ, सेकंद, मग कॉल सुरू होतानाचा सेल आयडी, संपतानाचा सेल आयडी आणि सर्वांत उजवीकडे हँडसेटचा पंधरा अंकी ओळख क्रमांक, म्हणजे आयएमईआय. सेल आयडीच्या लांबलचक आकड्यावरून गाव कळत नाही. त्यासाठी टॉवरच्या पत्त्यांची वेगळी यादी जोडावी लागते आणि ती जोडायची राहून गेली की न्यायाधीशांसमोर नुसते आकड्यांचे रकाने उरतात. बहुतेक वेळा शाईने अधोरेखित केलेल्या पाच-सहा ओळींवरच सरकारी पक्षाचा सगळा भर असतो, आणि अधोरेखित न केलेल्या ओळींत आरोपीचा बचाव दडलेला असू शकतो. म्हणूनच पूर्ण तक्ता पाहणे गरजेचे असते.

आरोपीला तो मागवता येतो, पण न्यायालयामार्फत. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ९१ म्हणजे आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ९४. त्याखाली न्यायालय कोणाकडूनही दस्तऐवज आणि इलेक्ट्रॉनिक पुरावा मागवू शकते. अडचण वेळेची आहे. देबेंद्रनाथ पाढी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की आरोपनिश्चितीच्या टप्प्यावर आरोपीला आपल्या बचावाचे कागद मागवण्याचा हक्क सर्वसाधारणपणे नाही. तो हक्क बचावाच्या वेळी येतो. २०१७ च्या नित्य धर्मानंद प्रकरणात त्यात थोडी सूट मिळाली, ती अशी की तपास अधिकाऱ्याने आरोपपत्रातून वगळलेला पुरावा अत्यंत भक्कम प्रतीचा असेल तर न्यायालय तो आधीही मागवू शकते. तरीही तालुक्याच्या न्यायालयात पहिल्याच तारखेला असा आदेश मिळवणे सोपे नाही.

या बाबतीतला सर्वांत उपयोगी निकाल आपल्या जालन्याचा आहे, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर कैलास गोरंट्याल यांच्यापेक्षा २९६ मतांनी निवडून आले. उमेदवारी अर्ज मुदतीत, म्हणजे दुपारी तीनच्या आत दाखल झाला होता की नाही, यावरून वाद झाला आणि निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील चित्रीकरण पुरावा म्हणून पुढे आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने इलेक्ट्रॉनिक पुराव्याला जोडायच्या अस्सलपणाच्या प्रमाणपत्राचा प्रश्न निकालात काढला. त्याच निकालात न्यायालयाने मोबाइल कंपन्यांना सर्वसाधारण निर्देश दिला की तपासात एखादा सीडीआर ताब्यात घेतला गेला, तर त्या कालावधीच्या सगळ्या संबंधित नोंदी वेगळ्या काढून सुरक्षित ठेवाव्यात, म्हणजे बचावाच्या किंवा उलटतपासणीच्या वेळी त्या मागवता येतील. अर्ज किती वाजता दिला या वादातून आरोपीच्या हाती एवढे मोठे साधन आले.

पण या निर्देशाला एक अट आहे, ती म्हणजे पोलिसांनी आधी सीडीआर घेतलेला असला पाहिजे. तुमच्या मामेभावासारख्या मारहाणीच्या साध्या प्रकरणात तो घेतलेलाच नसतो.

उंबरठा१९

म्हणजे ग्राहकाला मिळत नाही, आरोपीला मिळाला तर उशिरा मिळतो, पण पैसे मोजणाऱ्याला मात्र मिळतो, याची येथे नोंद व्हावी. २०१३ साली तेव्हाचे राज्यसभेतील विरोधी पक्षनेते अरुण जेटली यांचे कॉल तपशील बेकायदा काढल्याचे उघड झाले, त्यात दिल्ली पोलिसांतला एक शिपाई आणि खासगी गुप्तहेर पकडले गेले. अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची अट त्यानंतरच कडक झाली. तरीही २०१८ साली ठाणे पोलिसांना सीडीआर विकणारी टोळी सापडली, आणि त्यातही खासगी गुप्तहेरच होते. गिऱ्हाईक कोण, तर बहुधा बायकोवर संशय घेणारा नवरा किंवा धंद्यातला भागीदार. ज्याची नोंद आहे तो सोडून बाकी सगळ्यांची सोय झाली आहे.

माहितीच्या अधिकारात हे मागता येईल का, हेही वकीलसाहेबांनी सांगावे.

जोडकाम_वकील

खासगी कंपनीला माहिती अधिकार कायदा थेट लागू होत नाही. बीएसएनएल ही सार्वजनिक कंपनी असल्याने तिच्याकडे अर्ज करता येतो आणि स्वतःचीच माहिती मागणाऱ्याला ‘त्रयस्थाची खासगी माहिती’ हे कारण दाखवून अडवणे अवघड जाते. मात्र नोंदीत समोरच्या माणसाचे क्रमांकही असतात, त्यामुळे वाद होतोच. नियामक प्राधिकरणाला मध्ये घालून खासगी कंपनीकडून माहिती काढण्याचा एक प्रयत्न दिल्लीत झाला होता. एका वकिलाला आपला फोन टॅप होतो आहे का हे हवे होते. केंद्रीय माहिती आयोग आणि एकल न्यायमूर्ती त्याच्या बाजूने गेले, पण डिसेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो निर्णय फिरवला. टॅपिंगचा प्रश्न वेगळा असला, तरी नियामकाच्या दारातून कंपनीच्या कपाटापर्यंत पोहोचण्याची वाट त्याने बरीच अरुंद केली.

ऱ्हाईनकर

मी जर्मनीत राहतो, म्हणून येथील एका प्रकरणाविषयी लिहितो. या विषयावर जगात त्याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही. ग्रीन पक्षाचे राजकारणी माल्टे श्पिट्झ यांनी आपल्याविषयी साठवलेला तपशील डॉइच टेलिकॉमकडे मागितला आणि तो मिळेना तेव्हा कंपनीला न्यायालयात खेचले. त्या वेळी येथे सहा महिने नोंदी जपण्याची सक्ती होती. ऑगस्ट २००९ च्या अखेरपासून फेब्रुवारी २०१० पर्यंतच्या पस्तीस हजारांहून अधिक ओळी शेवटी त्यांच्या हाती पडल्या. इतरांचे क्रमांक त्यातून काढून टाकलेले होते. २०११ मध्ये ‘त्साइट ऑनलाइन’ या वृत्तसंकेतस्थळाने त्या ओळी नकाशावर मांडल्या. एक बटण दाबले की श्पिट्झ बर्लिनहून निघतात, आगगाडीने दुसऱ्या शहरात जातात, मुक्काम करतात, सभा घेऊन परततात, असे सगळे सरकत्या ठिपक्याच्या रूपात दिसते. एकाही संभाषणाचा एकही शब्द त्यात नाही आणि तरीही माणसाचे सहा महिने उघडे पडतात. नोंद म्हणजे नेमके काय, हे त्या ठिपक्याने लोकांना समजावले. संसदेतल्या भाषणांना ते जमले नव्हते.

गंमत अशी की घटना न्यायालयाने २ मार्च २०१० रोजी ती साठवणुकीची सक्तीच रद्द केली, आणि एप्रिल २०१४ मध्ये युरोपीय न्यायालयाने त्यामागचा युरोपीय निर्देशही रद्द ठरवला. त्यामुळे आज मी मागायला गेलो तर मिळण्याजोगे फारसे शिल्लक नसते. जे साठवलेच नाही ते मागता येत नाही, आणि कोणाला चोरताही येत नाही.

मे २०१८ पासून लागू असलेल्या युरोपीय डेटा संरक्षण कायद्यातील कलम १५ प्रमाणे कोणीही आपली माहिती विनाशुल्क मागू शकतो आणि सामान्यतः महिन्याभरात उत्तर द्यावे लागते. पण येथेही ठिकाणाच्या नोंदीवर कंपन्या हटून बसतात. स्पेनमध्ये एका ग्राहकाला त्याच्या कंपनीने ही नोंद फक्त सरकारी यंत्रणांसाठी असल्याचे सांगून नकार दिला, तेथील डेटा संरक्षण संस्थेने कंपनीचीच बाजू उचलून धरली आणि ‘नॉयब’ या डेटा हक्कांसाठी लढणाऱ्या व्हिएन्नाच्या संस्थेला २०२३ मध्ये त्याविरुद्ध न्यायालयात जावे लागले. कंपन्यांचा नेहमीचा युक्तिवाद असा असतो की कनेक्शन ज्याच्या नावावर आहे तोच फोन वापरतो याची खात्री काय.

मोगरा_उगवतीचा

ऱ्हाईनकर यांच्या शेवटच्या वाक्यावर थांबून विचार व्हावा, कारण आतापर्यंतच्या सगळ्या प्रतिसादांत ग्राहक आणि फोन वापरणारी व्यक्ती एकच आहे, असे गृहीत धरलेले दिसते. आपल्याकडच्या कितीतरी घरांत ती एक नसते. सासू, सून, कॉलेजातली मुलगी, गावाकडचे वडील, सगळ्यांची सिमकार्डे घरातल्या एकाच माणसाच्या आधारकार्डावर घेतलेली असतात. एका व्यक्तीच्या नावावर नऊ कनेक्शने घेता येतात, आणि दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर स्वतःच्या नावावरचे क्रमांक तपासायला बसलेल्यांना त्यांत घरातल्या इतरांचेच क्रमांक जास्त दिसतात.

लग्नानंतर कित्येक वर्षे माझा क्रमांक नवऱ्याच्या नावावर होता. तपशीलवार बिल त्याच्या ईमेलवर जात असे आणि माहेरी किती मिनिटे बोलले याचा हिशेब मला रात्री जेवताना द्यावा लागे. त्या बिलात ठिकाणाचा रकाना असता तर मी महिला समुपदेशन केंद्रात गेले होते हेही त्याला कळले असते, आणि पुढे जे मार्गी लागले ते लागले नसते. वेगळी झाल्यावर मी क्रमांक स्वतःच्या नावावर करून घ्यायला गेले, तेव्हा जुन्या धारकाची संमती मागण्यात आली. ती मिळणे शक्य नसल्याने मी तो क्रमांकच सोडून दिला.

मामेभावाची अडचण खरी आहे आणि तिच्यावर तोडगा निघावा असे मलाही वाटते. पण ‘ग्राहकाला अर्ज करताच ठिकाणाची नोंद द्या’ असा नियम उद्या झाला, तर तो पहिल्यांदा कोण वापरेल, हे उंबरठा१९ यांनी वर सांगितलेल्या गिऱ्हाइकांवरून ओळखता येते. आज त्यांना गुप्तहेराला पैसे द्यावे लागतात, उद्या पन्नास रुपयांत काम होईल.

तारायंत्र

मोगराताई, तुम्ही मांडलेला मुद्दा माझ्या विचारात आला नव्हता आणि तो टाळता येण्यासारखा नाही. काही वर्षांपूर्वी कोणीही सहज म्हणाले असते की ओटीपी ठेवा, म्हणजे हातात फोन असणाऱ्याच्या संमतीशिवाय नोंद मिळणार नाही. पण ज्या घरात बिलाचा हिशेब विचारला जातो तेथे ओटीपीही विचारला जाईल.

ऱ्हाईनकर

जर्मनीत तपशीलवार बिलाबाबत एक सोय आहे ती येथे सांगण्यासारखी आहे. संकटात असलेल्यांना समुपदेशन देणाऱ्या संस्थांचे क्रमांक नियामकाच्या यादीत असतात आणि त्या क्रमांकांवर केलेले कॉल बिलात वेगळे दाखवले जात नाहीत. घरातल्या दुसऱ्या कोणाच्या नजरेला ते पडू नयेत, हाच त्यामागचा विचार आहे.

एडिसन_०८

न्यू जर्सीहून लिहितो आहे. अमेरिकेत २०२२ च्या ‘सेफ कनेक्शन्स’ कायद्याने याच दिशेने पाऊल टाकले. घरगुती हिंसाचार सोसणाऱ्या व्यक्तीला कुटुंबाच्या सामाईक योजनेतून आपला क्रमांक वेगळा काढून घेता येतो आणि त्यासाठी खातेदाराची संमती लागत नाही. मदतवाहिन्यांचे कॉल ग्राहकाला दिसणाऱ्या यादीतून वगळण्याची तरतूदही त्यात आहे. मोगरा यांना जो क्रमांक सोडावा लागला तो येथे त्यांच्याकडेच राहिला असता.

मात्र हा देश आदर्श मानू नये. येथे सर्वोच्च न्यायालयाने जून २०१८ मध्ये कार्पेंटर खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की पोलिसांना मोठ्या काळाची ठिकाणाची जुनी नोंद हवी असेल तर सामान्यतः वॉरंट लागेल. त्या आरोपीच्या १२७ दिवसांच्या १२,८९८ जागा पोलिसांनी वॉरंटशिवाय मिळवल्या होत्या. हे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला त्याच सुमारास मोठ्या कंपन्या ग्राहकांचे ठिकाण मध्यस्थांना विकत होत्या आणि ते पुढे फरारी आरोपी शोधून देणाऱ्या खासगी लोकांपर्यंत पोहोचत होते. संघीय दूरसंचार आयोगाने त्याबद्दल एप्रिल २०२४ मध्ये चार कंपन्यांना मिळून सुमारे वीस कोटी डॉलर दंड ठोठावला, आणि कंपन्या त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या.

पंचगंगाकाठ

मोगराताईंचा प्रतिसाद वाचून मी माझा प्रश्न बदलतो. नोंद माझ्या हातात यावी, हा आग्रह मी सोडायला तयार आहे. मामेभावाला ती घरी आणून वाचायची नव्हतीच. ती पुसली जाऊ नये आणि योग्य वेळी न्यायाधीशांना दिसावी, एवढीच त्याची गरज आहे. मग मागणी ‘दाखवा’ अशी न करता ‘राखून ठेवा’ अशी केली तर? ग्राहकाने आपल्या क्रमांकाच्या अमुक तारखांची नोंद राखून ठेवायला सांगायचे, कंपनीने ती बंद स्थितीत वेगळी ठेवायची, अर्जदाराला त्यातली एकही ओळ द्यायची नाही आणि न्यायालयाचा आदेश आल्यावरच ती उघडायची. संशयी नवऱ्याने असा अर्ज केला तरी त्याच्या हाती काही लागत नाही.

जोडकाम_वकील

हे मला पटते, आणि कायद्याच्या दृष्टीनेही ‘द्या’ म्हणण्यापेक्षा ‘राखा’ म्हणणे सोपे आहे. आज ग्राहकाच्या नुसत्या पत्राने कंपनी बांधली जात नाही. पत्र पाठवल्याचा उपयोग एवढाच, की पुढे न्यायालयाला आपण वेळेत सावध होतो हे दाखवता येते. बंधनकारक आदेश न्यायालयच देऊ शकते. येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. पाढी प्रकरणाची अडचण दस्तऐवज मागवून तो वापरण्याविषयी आहे. दस्तऐवज नष्ट होऊ नये म्हणून केलेली विनंती त्याहून सौम्य असते आणि नोंदींची मुदत संपत आल्याचे दाखवून दिले तर अनेक न्यायालये असा आदेश देतात. आरोपपत्राची वाट पाहू नये. फिर्याद दाखल झाल्याचे कळताच अर्ज करावा, त्यात मोबाइल क्रमांक, धारकाचे नाव, कंपनी, नेमक्या तारखा आणि वेळा लिहाव्यात, आणि सेल आयडीच्या यादीसह व प्रमाणपत्रासह नोंद राखावी असे स्पष्ट म्हणावे. प्रमाणपत्र म्हणजे पूर्वीच्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब खालचे; जुलै २०२४ पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे लागते. ‘संपूर्ण वर्षाचा सीडीआर’ अशी ढोबळ मागणी केली की न्यायालय तपासात ढवळाढवळ म्हणून ती फेटाळण्याची शक्यता वाढते.

नव्या कायद्याविषयीही विचारणा होईल म्हणून लिहितो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ग्राहकाच्या हक्कांची कलमे त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास अमलात यायची आहेत. कलम ११ प्रमाणे आपल्या डेटाचा गोषवारा आणि तो कोणाकोणाला दिला त्यांची नावे मागता येतील. पण हा हक्क संमती देऊन दिलेल्या डेटाशी जोडलेला आहे. टॉवरची नोंद परवान्याच्या अटीमुळे तयार होते, संमतीमुळे नाही, असे कंपन्या म्हणतील हे मी आजच लिहून ठेवतो. गुन्ह्यांच्या तपासासाठी कायद्याने अधिकृत यंत्रणेला लेखी मागणीवरून डेटा दिला असेल, तर तेही सांगण्याचे बंधन कलमात नाही. शिवाय ‘गोषवारा’ म्हणजे मूळ नोंद नव्हे. त्यामुळे या कायद्यावर फार विसंबू नये, असे माझे मत आहे.

उंबरठा१९

तोपर्यंत ज्याने त्याने स्वतःची नोंद स्वतः ठेवावी, हे बरे. गूगलच्या टाइमलाइनमध्ये फोन कुठे कुठे गेला ते उपग्रहाच्या अचूकतेने राहते.

तारायंत्र

राहते, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. गूगलने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केल्याप्रमाणे ही टाइमलाइन आता कंपनीच्या सर्व्हरवर न राहता फोनमध्ये राहते, आणि आपण सेटिंग बदलले नाही तर तीन महिन्यांपूर्वीचा भाग आपोआप पुसला जातो. फोन बदलला किंवा हरवला आणि बॅकअप चालू नसेल तर सगळेच जाते. दुसरे असे की ही नोंद आपल्याच हातात असल्यामुळे समोरचा वकील तिच्यावर संशय घेणार. कंपनीच्या नोंदीचे वजन याच गोष्टीत आहे की आपल्याला तिच्यात एक आकडाही बदलता येत नाही. दोन्ही जुळल्या तर उत्तम. एकटी टाइमलाइन असेल तर तिच्यासोबत टोलनाक्यावरची फास्टॅगची कपात, पेट्रोलपंपावरची यूपीआयची पावती असे काहीतरी असावे.

मोगरा_उगवतीचा

राखून ठेवण्याच्या कल्पनेला माझी हरकत नाही. त्यात एकच भर घालावी, ती म्हणजे अर्ज ग्राहकाने केला असला तरी फोन वापरणाऱ्या व्यक्तीला न्यायालयात आपले म्हणणे मांडता यावे, आणि क्रमांक ज्याच्या हातात आहे त्याला नोंद उघडण्यापूर्वी कळवले जावे.

माझा एक प्रश्न आहे. मी जो क्रमांक सोडून दिला, त्याच्या जुन्या नोंदीचे काय होते? तो क्रमांक आज दुसऱ्या कोणाकडे असेल तर त्याने मागितलेल्या तपशिलात माझा काळ येईल का?

तारायंत्र

यायला नको. बंद झालेला क्रमांक किमान नव्वद दिवस कोणाला दिला जात नाही आणि त्यानंतर नव्या धारकाला दिला तर त्याचे खाते नव्याने सुरू होते. बिलाची प्रणाली त्याला त्याच्या तारखेपासूनच्याच ओळी दाखवते. सीडीआरच्या साठ्यात मात्र शोध क्रमांकावरून घेतला जातो, म्हणून न्यायालयासाठी मागणी करताना क्रमांकाबरोबर धारकाचे नाव आणि कालावधी लिहावाच लागतो, नाहीतर दोन धारकांच्या ओळी एकाच तक्त्यात येऊ शकतात. तुमच्या काळातल्या ओळी, तुम्ही क्रमांक सोडला असलात तरी, दोन वर्षांची मुदत संपेपर्यंत तशाच असतात. जुन्या क्रमांकाशी जोडलेले बँक खाते, गॅस आणि व्हॉट्सॲप हे मात्र आधी तपासून घ्या, कारण तेथे नवा धारक सीडीआरशिवायच तुमच्यापर्यंत पोहोचू शकतो.